‘च’ आला की यादी थांबते

वाचकांचे प्रश्न : संगणक

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीदारांची यादी आजवर वहीत होती. यंदा ती मी एक्सेलमध्ये भरली. मराठी घरांची नावे देवनागरीत एका फाइलमध्ये आणि गुजराती शेजाऱ्यांची नावे गुजराती लिपीत दुसऱ्या फाइलमध्ये ठेवली आणि दोन्ही फाइली ‘युनिकोड टेक्स्ट’ हा प्रकार निवडून साठवल्या. पावत्यांसाठी सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. तो ‘एफगेट्स’ने एकेक ओळ वाचतो आणि क्रमांक घालून छापतो. इंग्रजी नावांवर तो नीट चालला. मराठी यादीत मात्र पहिल्या नावाच्या जागी विचित्र चिन्हे येतात, पुढे नुसते क्रमांक आणि त्यांच्यापुढे कोरी जागा दिसते. फक्त दहाव्या क्रमांकापुढे इंग्रजी शून्य, ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह आणि इंग्रजी पाच असे दूर दूर छापले जाते. यादीत १८६ नावे असूनही प्रोग्रॅम २४ हा क्रमांक छापून संपतो. यादीतले २३ वे नाव सुलोचना आहे. ती ओळ काढून टाकली तर प्रोग्रॅम पुढे जातो आणि चिंतामण या नावापाशी थांबतो. गुजराती यादी शेवटपर्यंत जाते, पण ६० नावांच्या सहाशेहून अधिक ओळी होतात. दोष फाइलमध्ये आहे, की सी भाषेला आपल्या लिप्या वाचताच येत नाहीत?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपण सुलोचना ही ओळ काढून पाहिलीत आणि चिंतामणपर्यंत पोहोचलात, तिथेच निदानाचा मोठा भाग आपण स्वतः केला आहे. या दोन नावांत समान असलेले आणि त्यांच्या आधीच्या एकाही नावात नसलेले अक्षर ‘च’ आहे, आणि आपला प्रोग्रॅम खरोखरच ‘च’पाशी थांबतो आहे. फाइल खराब नाही आणि सी भाषाही असमर्थ नाही. फाइल ज्या पद्धतीने लिहिली गेली आहे, त्या पद्धतीने ती वाचली जात नाही, एवढेच घडले आहे. मात्र ते नेमके कसे घडते हे पाहण्यासारखे आहे, कारण आपल्या पडद्यावरची प्रत्येक विचित्र खूण त्यातून उलगडते.

गायकवाडी दप्तरातला एखादा मोडी कागद आपण पाहिला असेल. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढत असे आणि मग तिला अक्षरे लटकवत असे. म्हणजे तिथे ओळ आधी आणि मजकूर नंतर. संगणकाच्या फाइलमध्ये याच्या अगदी उलट प्रकार असतो. तिथे ओळी नसतातच. ० ते २५५ या दरम्यानच्या आकड्यांची, म्हणजे बाइटांची, एक सलग माळ तेवढी असते. ‘एफगेट्स’ ही माळ एकेक मणी सरकवत जाते आणि १० हा आकडा भेटला की ‘ओळ संपली’ असे समजून हात थांबवते. १० म्हणजे नवी ओळ, ९ म्हणजे टॅब, १३ म्हणजे ओळीच्या आरंभी परत येणे, हे संकेत टेलिप्रिंटरच्या काळातले असून इंग्रजी अक्षरांना व चिन्हांना आकडे नेमून देणाऱ्या, १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ॲस्की तक्त्यापासून ते चालत आले आहेत.

आता आपल्या फाइलमध्ये काय आहे ते पाहू. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला एक क्रमांक दिलेला असतो. देवनागरीचा मुख्य गट २३०४ पासून २४३१ पर्यंत आहे आणि गुजरातीचा २६८८ पासून २८१५ पर्यंत. एक्सेल ज्याला ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणते तो प्रत्यक्षात यूटीएफ-१६ हा प्रकार असतो. त्यात असा क्रमांक दोन बाइटांत लिहितात. क्रमांकाला २५६ ने भागायचे, बाकी आधी लिहायची आणि भागाकार नंतर. ‘च’चा क्रमांक २३३० आहे. २५६ नवे २३०४, बाकी २६, म्हणून फाइलमध्ये ‘च’ हा २६ आणि ९ असा उतरतो. ‘ऊ’चा क्रमांक २३१४, म्हणून तो १० आणि ९. देवनागरीच्या या गटातल्या कोणत्याही चिन्हाचा भागाकार ९ च येतो, गुजरातीच्या गटातल्या कोणत्याही चिन्हाचा १० च येतो. गुजराती ‘क’ २७०९ म्हणजे १४९ आणि १०.

एवढे लक्षात आले की आपली गुजराती यादी लगेच समजते. तिच्या प्रत्येक चिन्हाच्या शेवटी १० बसलेला आहे, म्हणून ‘एफगेट्स’ला प्रत्येक चिन्हानंतर ओळ संपल्यासारखी वाटते. नाव आणि आडनाव मिळून दहाएक चिन्हे धरली तर ६० नावांच्या सहाशेवर ओळी होणारच. देवनागरीत हे संकट एकट्या ‘ऊ’वर येते. आपल्या यादीतले नववे नाव मला ठाऊक नाही, पण ते भाऊराव असावे असा माझा तर्क आहे. ‘भा’ नंतरच्या ‘ऊ’तला १० दिसताच तिथे ओळ तुटली आणि ‘राव’ दहाव्या क्रमांकावर गेले. ‘र’ म्हणजे ४८ आणि ९, काना म्हणजे ६२ आणि ९, ‘व’ म्हणजे ५३ आणि ९. ॲस्की तक्त्यात ४८ म्हणजे शून्याची आकृती, ६२ म्हणजे ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह, ५३ म्हणजे पाचाची आकृती, आणि मधला प्रत्येक ९ म्हणजे टॅब, म्हणून ती चिन्हे एकमेकांपासून दूर छापली गेली. सुलोचना तेविसाव्या स्थानी असताना क्रमांक २४ का छापला गेला, याचेही उत्तर हेच आहे. तो जादा एक त्या तुटलेल्या ओळीचा आहे.

उरल्या कोऱ्या जागा. इंग्रजी अक्षरे, शब्दांमधली मोकळी जागा आणि ओळीचा शेवट यांचे क्रमांक २५६ पेक्षा लहान असल्यामुळे त्यांचा भागाकार शून्य येतो. खऱ्या ओळीच्या शेवटी १३, ०, १०, ० असे चार बाइट असतात. ‘एफगेट्स’ १० पाशी थांबते, मागे राहिलेला शून्य पुढच्या ओळीच्या तोंडाशी येतो, आणि सी भाषेत शून्य म्हणजे शब्दमाळेचा शेवट. ओळ वाचली जाते, पण छापताना ती पहिल्याच बाइटला संपलेली दिसते. पहिल्या ओळीच्या आधी असा शून्य नसल्यामुळे तिच्यात निदान विचित्र चिन्हे तरी दिसली.

आणि ‘च’? त्यातल्या २६ ची कथा जुनी आहे. १९७० च्या दशकातल्या सीपी/एम या कार्यप्रणालीत फाइलची लांबी १२८ बाइटांच्या ठोकळ्यांत मोजली जाई. शेवटच्या ठोकळ्यात मजकूर नेमका कुठे संपला हे कळावे म्हणून तिथे २६ हा आकडा, म्हणजे कंट्रोल-झेड, ठेवण्याची प्रथा होती. ती विंडोजच्या आधीच्या डॉस या कार्यप्रणालीत आली आणि तिथून विंडोजवरच्या सी भाषेच्या लायब्ररीत, म्हणजे तयार सूचनांच्या संचात, आली. आजही विंडोजवर सी प्रोग्रॅमने फाइल ‘टेक्स्ट’ पद्धतीने उघडली आणि वाचताना २६ भेटला, तर फाइल तिथेच संपली असे धरले जाते. लिनक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीवर हा प्रकार नाही. ज्या काळी फाइलची लांबीही नीट नोंदवता येत नव्हती, त्या काळच्या सोयीखातर आपल्या सुलोचनाबाईंची पावती अडावी, हे विनोदी वाटले तरी खरे आहे.

उपाय सोपा आहे. दोन्ही फाइली नोटपॅडमध्ये उघडा, ‘सेव्ह ॲज’मध्ये खाली असलेल्या एन्कोडिंगच्या, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतींच्या, यादीतून ‘यूटीएफ-८’ निवडा आणि नव्या नावाने साठवा. प्रोग्रॅमला हात न लावताही ओळी बरोबर वाचल्या जातील, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे आणि गुजरातीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत लिहिले जाते आणि त्या तिन्ही बाइटांतला एकही १२८ पेक्षा लहान नसतो. ‘ऊ’ होतो २२४, १६४, १३८ आणि ‘च’ होतो २२४, १६४, १५४. १०, १३, २६ किंवा ० दुसऱ्या अक्षराच्या पोटात सापडणे तिथे शक्यच नाही. हा गुण योगायोगाने आलेला नाही. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात, ताटाखालच्या कागदावर ही पद्धत आखली, तेव्हा जुन्या प्रोग्रॅमांना तिचा उपद्रव होऊ नये हीच अट त्यांच्यासमोर होती. कुणी आपल्याला फाइल ‘टेक्स्ट’ऐवजी ‘बायनरी’ पद्धतीने, म्हणजे २६ ला विशेष अर्थ न देता, उघडण्याचा सल्ला देईल. त्याने ‘च’ सुटेल, ‘ऊ’ सुटणार नाही आणि गुजराती यादी तर होती तशीच राहील, म्हणून त्या वाटेला जाऊ नये.

फाइल बदलल्यावर दोन गोष्टींकडे मात्र लक्ष द्यावे लागेल. पहिली गोष्ट ओळीसाठी राखलेल्या जागेची. आपण ती किती ठेवली आहे ते लिहिलेले नाही, पण पाठ्यपुस्तकी सवयीने ८० असेल तर ती अपुरी पडेल. ‘ज्योत्स्ना’ हे नाव डोळ्यांना दोन अक्षरांचे दिसते, परंतु पाय मोडण्याच्या खुणा धरून त्यात दहा चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये त्याचे ३० बाइट होतात. ८० जागांपैकी एक शेवटच्या शून्याला जाते आणि ७९ उरतात. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव मिळून सहज त्यापुढे जाते. मग ‘एफगेट्स’ ७९ बाइट आता देते आणि उरलेले पुढच्या वेळी वेगळी ओळ असल्यासारखे देते. शिवाय कापणी एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटांच्या मधोमध झाली तर दोन्ही तुकड्यांच्या टोकांना अर्धवट अक्षर राहते. ५१२ किंवा १०२४ जागा ठेवा आणि वाचलेल्या तुकड्याच्या शेवटी १० आहे की नाही हे तपासा. नसेल आणि फाइलही संपली नसेल, तर ओळ अजून बाकी आहे असे समजा.

दुसरी गोष्ट पहिल्या ओळीची. काही वेळा यूटीएफ-८ फाइलच्या आरंभी २३९, १८७, १९१ हे तीन बाइट ओळखखूण म्हणून लिहिले जातात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण यादीतले पहिले नाव शोधायला गेलात तर ते सापडणार नाही, कारण त्याच्यापुढे ही खूण चिकटलेली असते. विंडोज १० च्या २०१९ सालच्या आवृत्तीपासून नोटपॅड ही खूण आपण होऊन घालत नाही. यंत्र त्याहून जुने असेल तर सुरुवातीचे हे तीन बाइट तपासून सोडून द्यावेत. आणि छापलेले निकाल विंडोजच्या काळ्या खिडकीत पाहू नका, ते दुसऱ्या फाइलमध्ये लिहून नोटपॅडमध्ये उघडा. ती खिडकी देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवील याचा भरवसा नसतो, आणि बरोबर वाचलेली यादीही तिथे चुकल्यासारखी दिसू शकते.

प्रश्न : मी महाविद्यालयात पायथन शिकत आहे. फाइलमध्ये ‘कमला’ असे लिहून वाचले तर निरर्थक चिन्हे येतात, पण प्रोग्रॅम चालतो. ‘कुसुम’ लिहिले की त्रुटी येऊन तो बंद पडतो. दोन्ही वेळा फाइल यूटीएफ-८ मध्येच होती. मोठ्या फाइलमध्ये तर, मी ओळीओळीने वाचत असूनही, पहिली ओळ छापली जाण्याआधीच त्रुटी येते, जेव्हा की पहिल्या ओळीत फक्त ‘कमला’ आहे.
— एक विद्यार्थिनी, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : वरच्या प्रश्नात फाइल यूटीएफ-१६ मध्ये होती आणि वाचणारा ती ॲस्की समजत होता. तुमच्या बाबतीत फाइल योग्य आहे, पण वाचणारा ती विंडोज-१२५२ समजतो आहे. फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितले नाही तर विंडोजवरचा पायथन यंत्राची प्रचलित संकेतावली धरतो आणि आपल्याकडच्या यंत्रांवर ती सहसा हीच पश्चिम युरोपीय संकेतावली असते. तिच्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर, त्यामुळे ‘कमला’तल्या चार चिन्हांचे बारा बाइट बारा परकी अक्षरे होऊन छापले जातात. मात्र या संकेतावलीत पाच जागा रिकाम्या आहेत : १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. यांपैकी एखादा बाइट भेटला की पायथनला त्यासाठी अक्षरच सापडत नाही. ‘कुसुम’मधला उकार २२४, १६५, १२९ असा लिहिला जातो. त्यातला शेवटचा बाइट थेट रिकाम्या जागेवर पडतो. पाय मोडण्याच्या खुणेचा शेवटचा बाइट १४१ आहे, ‘ए’चा १४३, ‘ऐ’चा १४४, ‘झ’चा १५७, आणि ‘ॐ’चाही १४४. म्हणून ज्या मजकुरात एकही जोडाक्षर नाही आणि एकही ऱ्हस्व उकार नाही, असा मजकूरच बहुधा त्रुटीवाचून निसटेल. आपल्याकडे कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ लिहून आरंभ करण्याची रीत आहे. तुम्ही ती पाळली असती, तर ‘कमला’पर्यंत प्रोग्रॅम पोहोचलाच नसता.

फाइल उघडण्याच्या सूचनेत एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याचे स्पष्ट लिहा. आरंभी ओळखखूण असण्याची शक्यता असेल तर त्याऐवजी ‘यूटीएफ-८-सिग’ लिहा. ती खूण असली तर गाळली जाते, नसली तरी काही बिघडत नाही. पायथन आपण होऊन बरोबर ओळखील या आशेवर राहू नये. एन्कोडिंग लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घेतलेली बरी.

पहिल्या ओळीआधीच त्रुटी येण्याचे कारण असे, की ओळीओळीने वाचणे ही तुमच्या बाजूने दिसणारी सोय आहे. पायथन आतून फाइलचा एक मोठा घास घेतो, साधारणपणे ८१९२ बाइटांचा, त्या संपूर्ण घासाचे अक्षरांत रूपांतर करतो, आणि मग त्यातली एकेक ओळ तुम्हाला देतो. दोनशेव्या ओळीतला ‘कुसुम’ पहिल्याच घासात असेल, तर ‘कमला’ला तोंड दाखवण्याचीही संधी मिळत नाही. त्रुटीच्या संदेशात बाइटाचे स्थान दिलेले असते. ओळ शोधत बसण्याऐवजी ते स्थान पाहावे. आणि फाइल मोठी असेल तर सगळ्या ओळींची यादी एकदम मागणारी ‘रीडलाइन्स’ ही सूचना टाळून फाइलवरच ‘फॉर’ची फेरी चालवावी, म्हणजे स्मृतीत एका वेळी एक घास आणि एक ओळ एवढेच राहते.

प्रश्न : निवृत्तीनंतर नातवाबरोबर सी भाषा शिकत आहे. जुन्या पुस्तकातून घेतलेल्या प्रोग्रॅममध्ये फाइलचा शेवट आला का हे ‘एफईओएफ’ने तपासून ओळ वाचली जाते. यादीतले शेवटचे नाव नेहमी दोनदा छापले जाते. तसेच त्याच पुस्तकातली ‘गेट्स’ ही सूचना नव्या कंपायलरला चालत नाही.
— एक निवृत्त शिक्षक, कारेलीबाग, वडोदरा

उत्तर : ‘एफईओएफ’ पुढे काय आहे ते सांगत नाही. वाचण्याचा एखादा प्रयत्न फाइलच्या शेवटाला जाऊन आदळला का, एवढेच ती सांगते. शेवटच्या नावापुढे नव्या ओळीची खूण असेल तर ते नाव वाचून झाले तरी अजून कोणी आदळलेले नसते. म्हणून फेरी आणखी एकदा चालते, ‘एफगेट्स’ रिकाम्या हाती परतते, आणि आधीचेच नाव जागेवर असल्यामुळे तेच पुन्हा छापले जाते. फेरीची अट ‘एफगेट्स’च्या परतीच्या मूल्यावर ठेवा. ते मूल्य ‘नल’ आले की थांबा. ‘एफईओएफ’ फेरी संपल्यानंतर, फाइल संपली की वाचताना काही बिघाड झाला हे ओळखण्यासाठी वापरावी.

‘गेट्स’ न चालणे हे आपल्या हिताचे आहे. किती जागा राखली आहे हे त्या सूचनेला सांगण्याची सोयच नव्हती, त्यामुळे ओळ मोठी आली की ती शेजारच्या स्मृतीवर सांडत असे. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या उपद्रवी प्रोग्रॅमने यंत्रांत शिरण्यासाठी ज्या वाटा वापरल्या, त्यांतली एक हीच होती. ५१२ बाइटांची जागा ‘गेट्स’ने भरणाऱ्या एका सेवेला त्याहून लांब ओळ पाठवून ती यंत्रे ताब्यात घेतली गेली. २०११ च्या प्रमाणित सी भाषेतून ही सूचना काढून टाकली आहे. तिच्या जागी ‘एफगेट्स’ लिहा, मात्र एक फरक ध्यानात ठेवा : ‘गेट्स’ ओळीच्या शेवटची खूण टाकून देत असे, ‘एफगेट्स’ ती ठेवून देते. नावांची तुलना करण्याआधी शेवटचा १० काढून टाकावा. फाइल विंडोजवर तयार केलेली असून नातू ती लिनक्सवर चालवत असेल, तर १० च्या आधीचा १३ देखील काढावा लागेल.